मेजरचा चार बटणांचा रिमोट

कुठलाही रिमोट हातात दिला की तो आधी खिशातनं मोबाइल काढायचा. कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्यापुढं धरायचा आणि बटण दाबायचा. रिमोटच्या तोंडाला बारका दिवा असतो. तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मोबाइलच्या काचेवर जांभळा ठिपका लुकलुकला की तो म्हणायचा, "जित्ता हाय." नाही लुकलुकला तर म्हणायचा, "गेला." तिसरं काही म्हणायचा नाही. डॉक्टरसुद्धा एवढं थोडक्यात सांगत नाहीत.

तुम्ही विट्याच्या एस्टी स्टँडवर कधी उतरला असाल तर त्याचं खोकं बघितलं असेल. दाराला रिमोट टांगलेले, बाजारात बोंबील टांगतात तसे. आत तो, त्याचा चष्मा आणि वायरींना डाग द्यायच्या तापल्या कैय्याचा वास. त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. लष्करात होता, नाईक म्हणून सुटला. आमच्याकडं लष्करातनं आलेला माणूस नाईक असो नाहीतर भटारखान्यातला असो, त्याला मेजरच म्हणतात. म्हणून हाही मेजर.

आज मी माझ्या घरात बसलोय ते ह्या माणसामुळं. म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

आमच्या गावाचं एक सांगायला पाहिजे. इकडची पोरं सोनं गाळायच्या धंद्यात. गलाई म्हणतात त्याला. कुणी मद्रासकडं, कुणी केरळात, कुणी पार आसामात. तिकडं दुकान टाकतात आणि इकडं बंगला बांधतात. बंगल्यात म्हातारा-म्हातारी राहतात आणि मशीन राहतात. पोरगं दिवाळीला येतं, भिंतीएवढा टीव्ही आणतं, होम थेटर आणतं, खोलीच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर ठोकतं, सगळे रिमोट आईच्या मांडीवर ठेवतं आणि लक्ष्मीपूजन झालं की गाडीत बसतं. मग म्हातारी ते रिमोट पिशवीत घालून स्टँडवर येते. मेजरचा धंदा हा असा.

पण खोक्यावर उभं राहून त्याच्याकडनं रिमोट मिळत नसे.

"सगळ्यावर चालणारा एक द्या हो मेजर."

"आधी घर दाखवा."

"घर कशाला? मला रिमोट पायजे."

"चष्मा नाक बघून देत्यात. रिमोट घर बघून."

गिऱ्हाईक चिडायचं. काही जण दुसरीकडं जायचे. बहुतेक परत यायचे.

सगळ्यावर चालणारा नवा रिमोट म्हणजे युनिव्हर्सल. बटणं इतकी की हात ठेवायला जागा नाही. टीव्हीचा, वरच्या सेटटॉप डब्याचा, होम थेटरचा, सगळ्यांचा रिमोट तो शिकून घेतो. कसा, तर जुना आणि नवा तोंडासमोर तोंड करून टेबलावर ठेवायचे. जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते पाठ करतो. मेजर त्याला बघण्याचा कार्यक्रम म्हणायचा. मध्ये कुणी बोललं तर हात वर करायचा. "गप बसा. पावणं बोलत्यात."

शिकवून झालं की खिशातनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढायचा आणि नव्या कोऱ्या रिमोटला मोजा घातल्यासारखा चढवायचा. ट्यूबला फक्त चार भोकं. चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, चॅनेल पुढं.

"आणि चॅनेल मागं?" कुणीतरी विचारायचंच.

"मागं कशाला जायचं? पुढं पुढं गेलं की फिरून तितंच येतंय."

"मग बाकीची बटणं?"

"शोभंची."

आमच्या गल्लीत एक मोठे गलाईवाले आहेत. त्यांनी तिकडनं काच असलेला रिमोट आणला. बोट लावलं की चित्रं सरकायची. ते म्हणाले, "मेजर, ह्याला ट्यूब-बीब लावू नका. भारीतला आहे."

"वापरणार कोण?"

"आई."

"मग आईला इचारू."

आई आतनंच म्हणाली, "लाव बाबा ट्यूब."

गलाईवाल्यांचं तोंड जिलबीसारखं झालं. मेजरनं भारीतल्या रिमोटला ट्यूब चढवली आणि चहा मागितला.

शिकवताना तो ओरडायचा. आमच्या बायका रिमोट धरून हात पार टीव्हीपर्यंत लांब करतात आणि अंगठा असा रोवतात की बटण खाली बसतं. "आवं काकू, ढेकूण मारताय व्हय? दाबायचं न्हाई. सांगायचं." मग काकू हळू दाबायची, टीव्ही लागायचा आणि मेजर तिथंच मांडी घालून बसायचा. जे लागलं असेल ते शेवटपर्यंत बघायचा. मालिका असो, शेतीचं असो, गाण्याची स्पर्धा असो. मध्येच उठा म्हटलं तर म्हणायचा, "टेस्टिंग चालू हाय." त्याच्या स्वतःच्या घरात टीव्ही नव्हता. मी एकदा विचारलं, का नाही. म्हणाला, "दिवसभर लोकांच्यात बघतोय. घरी डोळं मिटाय जातो."

आता माझं.

मी जन्मभर मागावर होतो. यंत्रमाग. ज्यांनी मागाचं शेड ऐकलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. कान तिथंच ठेवून आलो. शेडमध्ये कुणी बोलत नाही, सगळं हातानं. त्यामुळं माझ्याशी बोलायचं तर ओरडा नाहीतर हात हलवा. माझा मुलगा केरळात गलाईत आहे. त्यानं होम थेटर आणलं ते ह्या कानांसाठी. टीव्हीचा आपला आवाज मला पोचत नाही. होम थेटरचा पोचतो. भांडी पण वाजतात, पण पोचतो.

रिमोट सगळे बायकोकडं. मी चौथी शिकलो आणि त्या बटणांवर सगळं इंग्रजी. ती तर दुसरीच शिकलेली, पण तिला मेजरनं एकदा सांगितलं आणि तिनं केलं. युनिव्हर्सल नको म्हणाली, चारही रिमोट वेगळेच ठेवले. चौघांना प्लास्टिकच्या पिशव्या, वर रबर. मेजर सगळ्या गावावर ओरडायचा, तिच्यावर नाही. तीच त्याच्यावर ओरडायची. "मेजर, बूट बाहेर! ही फरशी तुमच्या लष्करातली न्हाई." तो बूट काढून बाहेर ठेवायचा आणि आत येऊन सलाम ठोकायचा. वैनी म्हणायचा तिला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. सांगलीला नेलं. दिवाळीच्या आत गेली.

आमच्यात माणूस गेलं की टीव्ही लावत नाहीत. तेरावा झाला, सोयऱ्यांनी येऊन दुखवटा काढला, मला टोपी-टॉवेल दिला, गोड घास खायला लावला. म्हणजे आता टीव्ही लावायला हरकत नाही. पण लावणार कोण? सगळे आपापल्या गावाला गेले. राहिलो मी आणि चार रिमोट. मी दाबून बघितले. टीव्ही निळा झाला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मी बंद केला. बटण सापडेना म्हणून भिंतीवरनंच.

मुलगा रोज फोन करायचा.

"आबा, टीव्ही लावता का?"

"लावतो."

"काय बघितलं आज?"

"बातम्या."

"काय होती बातमी?"

"वाईट."

हे बरेच दिवस चाललं. मग एकदा त्यानं चित्राचा फोन केला आणि म्हणाला, मोबाइल टीव्हीकडं फिरवा. फिरवला. टीव्हीवर धूळ होती. त्या धुळीत मांजराचा पाय उठलेला.

त्यानं मोबाइल परत माझ्याकडं फिरवायला सांगितला. मग म्हणाला, "आबा, साधा टीव्ही लागत नाही तुम्हाला. एकटं कसं राहणार? पोरांच्या परीक्षा झाल्या की मी येतो. घराला कुलूप लावू. इकडंच राहायचं आता."

इकडं म्हणजे केरळात, चौथ्या मजल्यावर. भाषा त्यांची. मला ऐकू आली असती तरी कळली नसती. पोरगं वाईट नाही. सून वाईट नाही. पण ह्या घराच्या भिंतींवर बायकोनं घागरीनं पाणी मारलंय. आतल्या मोरीचा उतार चुकलाय तो कसा काढायचा ते फक्त मला माहीत आहे. मला जायचं नव्हतं. आणि न जायला दाखवण्यासारखं एकच होतं, टीव्ही.

मी चारही रिमोट पिशवीत घालून स्टँडवर गेलो. मेजरनं पिशवी बघितली. घर दाखवा म्हणाला नाही. संध्याकाळी खोकं बंद करून आला. बूट बाहेर काढले.

चौघांना कॉटवर ओळीनं ठेवलं. मोबाइल काढला. पहिला, "जित्ता हाय." दुसरा, "जित्ता हाय." तिसरा पण. चौथा होम थेटरचा. तो लुकलुकला नाही.

"गेला," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हंजे सेल गेल्यात."

नवे सेल घातले. तोही जित्ता झाला. मग बघण्याचा कार्यक्रम झाला, ट्यूब चढली, चार भोकं. टीव्ही लागला. वरचा डबा लागला. माणसं तोंडं हलवायला लागली. आवाज नाही, तो पोरानं सगळा होम थेटरलाच जोडलेला. होम थेटर ऐकेना. त्याच्या अंगावरचं बटण दाबलं तर तो सुरू व्हायचा, पण टीव्हीचा आवाज धरायचा नाही. तेवढं रिमोटनंच सांगावं लागायचं आणि रिमोटचं तो घेत नव्हता.

मेजर त्या डब्यापुढं वाकला. चष्मा वर केला, खाली केला. वाकलेलाच राहिला. मग कमरेवर हात ठेवून उठला.

"कोड जुळत न्हाई. उद्या येतो."

उद्या आला. परवा आला. रोज यायला लागला. दर वेळी वेगळा रिमोट. लांब, आखूड, एक तर साबणाच्या वडीएवढा. डब्याच्या ह्या बाजूला बसायचा, त्या बाजूला बसायचा, भिंतीकडं तोंड करून दाबायचा, छताकडं करून दाबायचा. मी चहा करायचो.

"आबा, ह्यो चहा हाय का पोराबाळांचा काढा?"

"प्या गप."

प्यायचा. मग आम्ही मुकी मालिका बघायचो. कोण कुणाचं काय लागतं ते तो मला हातानं सांगायचा. वाईट सून आली की नाक धरायचा.

शेवटी मीच वैतागलो. "मेजर, तुमचं वय झालं. जमत न्हाई म्हणून सांगा की सरळ."

"जमत न्हाई असं न्हवं. जुळत न्हाई."

"रविवारी पोरगं येतंय. कुलूप घेऊन येतंय. आता कवा जुळणार?"

त्यानं हातातला रिमोट खाली ठेवला. चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. माझ्या कानाशी तोंड आणलं. ओरडला नाही. तरी ऐकू आलं.

"आबा, कोडची भानगड न्हाई. ह्येचा डोळा झाकलाय."

होम थेटरच्या काळ्या डब्याला पुढं मधोमध एक काळी काच असते. नखाएवढी. रिमोटचं सांगणं घेणारा डोळा तिच्या मागं बसतो. त्या काचेवर कुंकू होतं.

मला ते रोज दिसत होतं. डोळा तिथं असतो हे माहीत नव्हतं. आम्ही मागवाले. खंडेनवमीला जे जे आपल्यासाठी राबतं त्याची पूजा. माग, कात्री, विळी. माग भंगारात गेले तशी बायको मिक्सरची करायला लागली, टीव्हीची करायला लागली, ह्या डब्याची करायला लागली. डब्याला कपाळ कुठं, तर ती काच. तिथंच हळदीकुंकवाचं जाड बोट आणि वर अक्षता.

"वैनींनी पैल्या वर्साला बी असंच केलं हुतं," मेजर म्हणाला. "मला बोलवून घेतलं. मीच सांगितलं, वैनी, दसरा झाला की दुसऱ्या दिशी एवढं पुसायचं. दर साली पुसायच्या."

त्या साली दुसऱ्या दिवशी ती सांगलीच्या गाडीत होती.

"तुमाला कवा दिसलं हे?"

"पैल्याच दिवशी."

"मग एवढं दिस काय करत हुता?"

"बघत हुतो. दुसरीकडनं कुठनं ऐकतंय का."

मला राग आला. एक फडकं मारायचं काम आणि हा माणूस एवढे दिवस भिंतीला रिमोट दाखवत बसला. मी खांद्यावरचा टॉवेल घेतला, टोक ओलं केलं आणि डब्यापुढं बसलो. जवळनं बघितलं. कुंकवात तिच्या बोटाच्या रेघा उठल्या होत्या. तांदळाचा एक दाणा अजून चिकटलेला. मी बसून राहिलो. टॉवेलचं पाणी गुडघ्यावर गळायला लागलं.

"मेजर, तुमी पुसा."

"मी न्हाई पुसणार."

"का? तुमच्यात तर कुकू लावत न्हाईत मशीनला."

"न्हाई लावत. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, सगळं सोडलं. मी मानत न्हाई हे."

"मग तुमाला काय अडचण?"

"मी मानत न्हाई, म्हणून तर मी पुसणार न्हाई."

मी टॉवेल पिळून परत खांद्यावर टाकला.

मग तो म्हणाला, "सरका." डबा दोन्ही हातांनी उचलला, भरलेली घागर उचलावी तसा, आणि तोंड भिंतीकडं करून ठेवला. मागचे स्क्रू काढले. झाकण उघडलं. आत हात घालून तो डोळा बाहेर काढला. मसुराच्या दाण्याएवढा, तीन पायांचा. हा एवढासा मला घर सोडायला लावत होता.

"बॅटरी धरा. उजेड हातावर धरा आबा, माझ्या तोंडावर न्हाई."

त्याचा हात हलत होता. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. कैय्या टेकवायचा, चुकायचा, शिवी द्यायचा, परत टेकवायचा. तीन पायांना तीन वायरी जोडल्या, त्या झाकणाच्या जाळीतनं बाहेर काढल्या आणि डोळा टेबलाच्या कडेला काळ्या पट्टीनं चिकटवला. झाकण लावलं. डबा परत सरळ केला. कुंकू होतं तिथंच होतं. तांदूळसुद्धा.

"कपाळ ऱ्हाऊ दे तितंच. डोळा खाली घेतला," तो म्हणाला. "हं, सांगा आता त्याला."

मी सांगितलं. चारी कोपऱ्यांतनं आवाज आला. सिमेंटची जाहिरात होती. मी ती पूर्ण ऐकली.

मेजर त्या दिवशी टेस्टिंगला थांबला नाही. बूट घातले आणि गेला.

रविवारी पोरगं आलं. हातपाय धुतले, जेवलं, आणि म्हणालं, "लावा बघू." मी लावला. चॅनेल बदलला. आवाज कमी केला, वाढवला. तो ट्यूबकडं बघून हसला. "हे काय केलंय?"

"मेजरनं."

"आणि ही वायर कसली लोंबतीय?" तो उठून डब्याकडं गेला. वायरीवरनं हात फिरवत वर आला आणि काचेपाशी थांबला. "आबा, हे पुसायचं राहिलंय, हे..." म्हणत बोट पुढं केलं आणि तसंच धरलं. पुढं लावलं नाही. मागं घेतलं नाही. मग तो खाली फरशीवरच बसला, माझ्याकडं पाठ करून. त्याचे खांदे हलायला लागले.

मी आवाज वाढवला.

दोन दिवसांनी तो एकटाच गेला. कुलूप काढलंसुद्धा नाही पिशवीतनं. जाताना म्हणाला, "टीव्ही लावत जा." मी म्हटलं, लावतो.

हे मेजरला सांगायला स्टँडवर गेलो. खोकं बंद. पुढच्या दिवशी बंद. शेजारच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तुमाला म्हाईत न्हाई व्हय? लेक आलती पिंपरीसनं. घिऊन गेली. डोळ्यात मोतीबिंदू, हात हलतोय, एकटा कसा ऱ्हाणार म्हणाली. मेजरनं बूट घातलं आन् बसला गाडीत."

मेजरच्या घरात टीव्ही नव्हता. लेकीला लावून दाखवायला त्याच्याकडं काही नव्हतं.

त्याच्याकडं मोबाइल आहे, पण नंबर माझ्याकडं नाही. आम्ही त्याला कधी फोन केला नाही. तो यायचाच. गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून पिशवीत रिमोट घालून स्टँडवर जातात आणि तशाच परत येतात. आता म्हणे असे टीव्ही निघालेत, नुसतं तोंडानं बोललं की लागतात. पिंपरीत असेल तसला. मेजर त्याच्यापुढं काय करत असेल कुणास ठाऊक.

परवा मी सहज तिकडं गेलो. खोकं उघडं होतं. रंग नवा, आत माणूस नवा. मोबाइलची कव्हरं विकतो. मी समोर उभा राहिलो, कशाला ते माझं मलाच कळलं नाही. त्यानं दोनदा विचारलं असावं. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा ऐकू आलं.

"आजोबा, काय पाहिजे?"

"काय नको."

स्टँडात गाडी लागत होती. लोक पळायला लागले. तो माणूस चांगला होता. हात दाखवून मला म्हणाला, "कुठली गाडी बघताय? कुठं जायचंय तुमाला?"

"कुठंच न्हाई," मी म्हणालो. "मी हितलाच हाय."